पडल्याची जागा

फोटोत फार काही नव्हतं. डांबरी रस्त्याची कड, कडेचं वाळकं गवत आणि गवतात अर्धवट पुरलेला एक दगड. दगडाला कुंकू फासलेलं, पुढ्यात नारळाची करवंटी आणि वाळून काळं पडलेलं झेंडूचं फूल. सुरभी वकिलीणबाईंनी मोबाइल टेबलावरून पुढे सरकवला तेव्हा सहदेवला वाटलं, यांच्या गावचा कुठलातरी देव असेल, दाव्यासाठी नवस बोलायला सांगताहेत की काय. कर्जत स्टेशनाजवळच्या त्यांच्या खोलीत पंखा नुसताच गरगरत होता आणि खालच्या झेरॉक्सच्या दुकानातून गरम कागदाचा वास वर येत होता. "जागा ओळखीची वाटते?" त्यांनी विचारलं. त्याने मान हलवली, नाही म्हणून. "अहो दादा, तुम्ही इथंच पडलात. म्हणजे, विमा कंपनीचं तसं म्हणणं आहे."

त्याने पुन्हा फोटोकडे पाहिलं. आपण जिथे पडलो ती जागा आपल्याला अनोळखी वाटावी, हे त्याला एकाएकी फार लाजिरवाणं वाटलं. बाईंनी बोटाने फोटो मोठा केला. "मागे वाडीची चढण दिसते बघा. म्हणजे ही रस्त्याची वाडीकडची बाजू. तुम्ही कशेळ्याहून कडावला येत होता. तुमची बाजू डावी, ओढ्याकडची. तुम्ही जर या उजव्या कडेला पडला असाल, तर तुम्ही टेंपोच्या वाटेत घुसलात असा अर्थ होतो. मग चूक टेंपोची राहत नाही." "असं हा दगड म्हणतो?" सहदेव म्हणाला. "दगड नाही म्हणत. वाडीवरचा पोशा म्हणतो, तुम्हाला उचलणारा. कंपनीच्या माणसाने त्याला विचारलं, माणूस कुठं पडला होता, तर त्याने हा दगड दाखवला. पोलिसांचा पंचनामा दुसऱ्या दिवशी सकाळचा. तोवर तुमची मोटारसायकल, टेंपो, काचा, सगळं लोकांनी बाजूला करून रस्ता मोकळा केलेला. बघणारा माणूस एकच, पोशा. आणि आता तो त्यांचा साक्षीदार आहे." पंख्याचा वारा लागत होता तरी सहदेवच्या मानेवरून घामाचा ओघळ पाठीत उतरला. आपला माणूस आहे तो, असं त्याच्या ओठांवर आलं होतं, पण ते त्याने गिळलं. वकिलासमोर आपलं कोण आणि परकं कोण हे पटकन बोलू नये, एवढी अक्कल त्याला या दीड वर्षात आली होती.

खाली रस्त्यावर आल्यावर त्याने सवयीने उजवा हात छातीशी घेतला. कोणी बघत असो नसो, हात छातीशीच. दावा दाखल केला त्याच दिवशी बाईंनी बजावलं होतं, चारचौघांत या हाताने काही उचलायचं नाही, कंपनीची माणसं लपून फोटो काढतात, पिशवी उचलताना दिसलात तरी कोर्टात म्हणतील हात धडधाकट आहे. वास्तविक त्या हातात उचलण्यासारखं काही उरलंच नव्हतं. कोपरात पट्टी आणि स्क्रू, मनगट वळत नाही, बोटं सदा गार. पण बाईंनी सांगितल्यापासून सहदेवचं बाजारात फिरणं अवघड होऊन बसलं. मोबाइल हातात धरलेला जो तो माणूस त्याला कंपनीचा वाटायचा, आणि आजकाल मोबाइल कोणाच्या हातात नसतो! भाजी घेताना बायको पुढे, हा मागे हात पोटाशी धरून. एकदा त्याची लेक पायरीवरून घसरली तेव्हा त्याने आधी इकडेतिकडे पाहिलं आणि मग तिला धरायला डावा हात पुढे केला. तोवर ती आपली आपण उठली होती. तिने पाहिलं होतं हे त्याला ठाऊक होतं.

साजगावच्या कारखान्यात तो फिटर होता. नट किती आवळला गेलाय हे त्याला पान्याच्या मुठीतून कळायचं, वर बघायची गरज नसायची. अपघातानंतर कारखान्याने काही दिवस गेटवर खुर्ची दिली, मग म्हणाले, बरा हो आणि ये. बरं व्हायचं म्हणजे काय हे त्यांनाही माहीत होतं. दावा त्यासाठी होता. पण सहदेवच्या मनात दाव्याच्याही आत एक गोष्ट होती आणि ती त्याने बायकोलाही सांगितली नव्हती. त्याला अपघात आठवत नव्हता. कशेळ्याच्या बाजारातून निघालो, गाडीच्या टाकीवर लसणाची पिशवी होती, थंडीने कान दुखत होते, गवताच्या वखारीवरून जाताना वाळल्या गवताचा गोडसर वास आला. आणि मग दवाखान्याचं छत. मधला तुकडा कोणीतरी कापून नेला होता. बाकी सगळं त्याला लोकांनी सांगितलेलं. टेंपो वळणावर आत आला, टेंपोवाल्याने दिवा मोठा मारला, पोशाने तुला उचललं, पोशाने आरडाओरडा करून जीप थांबवली. इतक्यांदा ऐकल्यावर ते आठवल्यासारखं वाटू लागलं होतं, आणि त्याच्याच जोरावर त्याने दाव्यात ठणकावून लिहायला सांगितलं होतं की मी माझ्या बाजूने येत होतो. आता एका दगडाने ते सगळं उकरून काढलं. मी माझ्या बाजूने येत होतो कशावरून? लसणाची पिशवी सरकली असेल, तिला सावरताना गाडी उजवीकडे गेली असेल. असेल, नसेल. आपला हात आपणच चिरडून घेतला आणि दीड वर्ष टेंपोवाल्याला शिव्या घालत बसलो, असं निघालं तर? ती कल्पना त्याला सहन होईना. त्यापेक्षा पोशा विकला गेला हे मानणं सोपं होतं.

आणि मानायचं म्हटल्यावर पुरावे काय, पावलोपावली सापडतात. टेंपो भिवाजीचा. गवताची वखारही भिवाजीचीच. वाडीवरचे निम्मे लोक सुगी सरली की त्याच्याकडे गवताच्या गाठी बांधायला, पोशाही त्यातच. गेल्या पावसाच्या तोंडावर पोशाच्या घरावर पत्रे चढले होते. ते सहदेवने जीपमधून जाताना स्वतः पाहिले होते, कारवीच्या कुडावर चकचकीत पत्रे, आणि तेव्हा त्याला बरंही वाटलं होतं. मग तो शर्ट. दिवाळी झाल्यावर कशेळ्याच्या बाजारात पोशा टोपलीत कंदमुळं घेऊन बसला होता आणि त्याच्या अंगात सहदेवचा शर्ट होता. कारखान्याचा निळा शर्ट, खिशावर कारखान्याचं चिन्ह, डाव्या बाहीला ऑइलचा डाग. पोशाने त्याला पाहिलं आणि टोपलीवर वाकून उगाच कंद वरखाली केले. घरी येऊन सहदेवने बायकोला विचारलं, "माझा निळा शर्ट कुठंय?" वनिता पोळ्या लाटत होती. "असंल कुठंतरी. जुना झालता तो," ती म्हणाली, आणि लाटलेली पोळी तिने पुन्हा लाटायला घेतली. तेव्हाच त्याच्या मनात पाल चुकचुकली होती. पण माणूस एका शर्टावरून घरात भांडण कसं काढणार! आता शर्ट, पत्रे आणि दगड हे तिन्ही एका ओळीत येऊन उभे राहिले. आपल्या घरातलं माणूसही यात आहे का, हा प्रश्न त्याने मनात पुरता उमटू दिला नाही, पण तो उमटला होताच.

तो घरी गेला नाही. कशेळ्याच्या जीपमध्ये मागच्या बाकावर हात सांभाळत बसला आणि वळणाच्या अलीकडे उतरला. उन्हाने डांबर मऊ झालं होतं. दीड वर्षात या रस्त्याने तो कितीदा गेला असेल, पण जीपमधून, डोळे मिटून. आता प्रथमच तो तिथे आपल्या पायांवर उभा होता. एका बाजूला ओढा, उन्हाळ्याने सुकलेला, नुसते गोटे. दुसऱ्या बाजूला वाडीकडे चढत जाणारी पायवाट, आणि तिच्या तोंडाशी तो दगड. फोटोतल्यापेक्षा लहान. सहदेव त्याच्यापुढे उकिडवा बसला. त्याने डाव्या हाताचं बोट दगडावर टेकवलं आणि उचलून पाहिलं. बोट लाल झालं होतं. कुंकू ओलं नव्हतं, पण ताजं होतं, दोन-चार दिवसांपूर्वीचं. करवंटीही नवी. म्हणजे हा दगड कोणीतरी एकदा ठेवून विसरून गेलेलं नव्हतं. कोणीतरी तो राखत होतं. पावसाने धुतला की पुन्हा रंगवत होतं, खोटं शिळं होऊ नये म्हणून त्याला कुंकू लावत होतं.

तो उठून रस्त्याच्या मधोमध गेला आणि कशेळ्याच्या दिशेने तोंड करून उभा राहिला, मग पाठ करून. काहीतरी आठवेल असं त्याला वाटत होतं. ओढ्याकडून एक वाऱ्याची झुळूक आली, तिला पाण्याचा वास नव्हता, शेणाचा होता. त्याने कान दुखायची वाट पाहिली. काही नाही. रस्ता कोऱ्या चेहऱ्याने पसरला होता, ओळख न देणाऱ्या नातेवाइकासारखा. मागून भोंगा वाजला आणि तो दचकून बाजूला झाला. बाजूला झाला तो उजवीकडे, दगडाकडे. ते त्याच्या लक्षात आलं आणि त्याला धडकीच भरली. घाबरल्यावर आपण उजवीकडे पळतो का? त्या संध्याकाळीही असंच झालं असेल का? गेलेल्या गाडीतला माणूस मागे वळून बघत होता. सहदेवने हात छातीशी घेतला आणि कडावची वाट धरली.

चंद्राबाई, त्याची आई, कडावला एकटी राहायची. एक म्हैस, थोडं भाताचं शेत, आणि वनिताशी पटत नाही असं सांगत सगळ्या खबरा तिच्याकडूनच घ्यायची सवय. पडवीत कोणी नव्हतं. परसात बोलणं चाललं होतं, आईचा आवाज आणि दुसरा एक, खालच्या पट्टीतला. सहदेव स्वयंपाकघरातून पुढे गेला तसे दोन्ही आवाज एकदम थांबले. पोशा म्हशीच्या गव्हाणीपाशी उकिडवा बसला होता, त्याच्या पुढ्यात आईने तांदळाचं गाठोडं ठेवलेलं. अंगात तोच निळा शर्ट.

"तू कदी आलास रं?" आई म्हणाली. "जेवलास का? ऊन काय पडलंय, डोकं तरी झाकायचंस." ती नेहमी एवढं बोलत नसे. पोशाने गाठोडं अलगद गुडघ्याआड सारलं. ते सहदेवने पाहिलं आणि जीपमधून उतरल्यापासून जे कसंबसं आवरून धरलं होतं ते सुटलं. "भिवाजीनं पत्रे दिले," तो म्हणाला, "आणि माझी आई तांदूळ देते. दोन्हीकडून खातोस का रं पोशा?"

पोशाने वर पाहिलं. त्याच्या डोळ्यांच्या कडा गवताच्या धुळीने लाल झालेल्या होत्या. वाडीवरच्या रिवाजाप्रमाणे तो लहानथोर सगळ्यांनाच अरेतुरे करायचा, आणि सहदेव चालायला शिकला तेव्हापासून त्याला दादा म्हणायचा. "पत्रं जुनं हायती दादा, वखारीवरलं," तो म्हणाला. "गाठी बांधल्या त्याची मजुरी." "आणि शर्ट? तो कसली मजुरी? कंपनीच्या माणसाला दगड दाखवलास त्याची?" पोशाने बाहीवरच्या डागावर हात ठेवला. "मला उचलणारा तू. मी मेलो असतो तर बरं झालं असतं, असं होतं तर उचललंस कशाला? कोर्टात उभा राहून सांगणार आहेस ना, सहदेव उलट्या बाजूनं आला म्हणून? सांग मला तोंडावर. कुठं पडलो होतो मी?" पोशाने मान खाली घातली आणि पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला. त्याच्या त्या गप्प बसण्याने सहदेवची खात्रीच पटली. चोराची मानही अशीच खाली जाते. "चालता हो," तो म्हणाला, "ह्या परसात पुन्हा पाय ठेवू नको."

पोशा उठला. गाठोडं त्याने तिथेच राहू दिलं. कुंपणापाशी जाऊन त्याने शर्टाची बटणं काढायला सुरुवात केली, वरचं एक, खालचं एक. तेव्हा आई ओरडली. "काडू नको रं शर्ट! पोशा, तुला माझी आन हाय, शर्ट अंगातून काडू नको!" मग ती सहदेवकडे वळली. तिचा चेहरा त्याने असा कधी पाहिला नव्हता, रागाने आणि भीतीने एकदम आक्रसलेला. "दगड मी ठेवलाय," ती म्हणाली. "त्याच्यावर काय डाफरतोस? मी ठेवलाय दगड. दर आवसेला कुंकू मी लावते. आता बाटलं सगळं. ज्याचं केलं त्याला सांगायचं नसतं, आता तू मला बोलाया लावलंस, आता माझा लेक काय बरा व्हायचा नाय." आणि ती गव्हाणीला टेकून लहान पोरीसारखी रडायला लागली.

मग तिने सांगितलं ते तुटक तुटक, हुंदक्यांमधून, आणि सहदेवला ते जोडायला वेळ लागला. दवाखान्यातून त्याला घरी आणलं तेव्हा तो झोपेत किंचाळायचा, जेवण अंगी लागत नव्हतं, हात काळानिळा. माणूस जिथे पडतो तिथे त्याचं काहीतरी पडून राहतं, ते उचलून आणावं लागतं, हे तिच्या आईने केलेलं तिने पाहिलं होतं. पोशाने उचललं होतं, म्हणून पोशालाच घेऊन ती गेली. त्याने जागा दाखवली. तिथली मूठभर माती घेतली. पण ती जागा परक्या शिवेत. रस्ता हीच शीव, एका अंगाला आपलं गाव, दुसऱ्या अंगाला शेजारचं, आणि आपल्या गावदेवीचा अंमल रस्त्यापलीकडे चालत नाही. दुसऱ्याच्या शिवेत माझ्या लेकाला कसा ठेवू? म्हणून तिने रस्ता ओलांडला, आपल्या बाजूला माती पुरली, वर दगड ठेवला आणि त्या दिवसापासून तो इथे पडला असं ठरलं. त्याच्या अंगातला एक कपडा उचलणाऱ्याला द्यायचा, तो वनिताने मुकाट्याने काढून दिला. आणि एक पाळायचं. जखम पुरती भरेपर्यंत पहिल्या जागेकडे बोट करायचं नाही, तिचं नाव काढायचं नाही. केलं तर तिथलं उठतं आणि माणसाला पुन्हा धरतं. "तो कंपनीवाला आला, इचारलं कुठं पडला. पोशानं दगड दावला. दुसरं काय दावंल? तुझ्याच भल्यासाठी दावला रं."

सहदेव गव्हाणीच्या कडेवर बसला. त्याला हसू येत होतं आणि हसू फुटलं तर ते थांबणार नाही अशी भीती वाटत होती. कोर्ट, पंचनामा, कंपनीचे कागद, वकिलीणबाईंची फी, आणि या सगळ्याच्या बुडाशी आईची मूठभर माती. पोशा कुंपणापाशी तसाच उभा होता, दोन बटणं उघडी. सहदेवने त्याला काहीतरी म्हणायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर संशय पुरता गेला नव्हता. संशयाला घर करायची एकदा सवय लागली की तो एका रडण्याने उठून जात नाही. आई आपल्या भल्यासाठीच आताही बोलत असेल, दुसऱ्या बाजूला पडलो होतो असं मला वाटावं म्हणून, हेही त्याच्या मनात येऊन गेलं. "पलीकडे म्हणजे ओढ्याकडं ना?" त्याने विचारलं. दोघांनीही तोंड फिरवलं.

दोन दिवसांनी सुरभीबाई स्वतःच्या स्कूटरवरून वळणावर आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं होतं, फोनवर, आणि म्हणाल्या होत्या, "हे मी कोर्टात कसं मांडू ते मला माहीत नाही. पण साक्षीदाराने खरी जागा दाखवली पाहिजे. मी व्हिडिओ घेते." चंद्राबाई डोक्यावर पदर घेऊन दगडापाशी बसून होती, कोणी दगड पळवील या धास्तीने. पोशा शर्ट घालून आला होता, बटणं सगळी लावलेली. परसातल्या त्या दुपारनंतर सहदेव आणि तो एकमेकांशी बोलले नव्हते. निरोप आईकडून गेला होता.

"पोशादादा, घाबरू नका," बाई म्हणाल्या. "फक्त हात करा. इथं, की तिथं?" पोशा हलला नाही. "मी नाय दावायचा," तो म्हणाला. "मग तोंडाने सांगा." "सांगायचा पन नाय." "तुम्ही नाही सांगितलंत तर यांचा दावा जातो. कळतंय ना? यांचा हात गेलाय, नोकरी गेलीय. वर चूकही यांचीच ठरेल." पोशाने सहदेवकडे पाहिलं. सहदेवला ती नजर सहन झाली नाही. "दाखव," तो म्हणाला. "मला धरलं तर धरलं. दीड वर्षात आणखी काय धरायचं राहिलंय?" "गप रं!" आई दगडापाशी बसूनच ओरडली. "असं बोलू नको. पोशा, तू त्याचं ऐकू नको."

पोशाने पायातल्या चपला काढल्या, आईच्या शेजारी, दगडापाशी ठेवल्या, आणि रस्ता ओलांडला. ओढ्याकडच्या कडेला, डांबराच्या आतच, तो एका जागी थांबला. खाली बसला. मग आडवा झाला. पोटावर, डोकं कडावच्या दिशेला, एक गाल डांबरावर, उजवा हात अंगाखाली मुडपलेला, डावा पाय गुडघ्यात वाकवून बाहेर. कुठलाही माणूस आपण होऊन असा झोपत नाही. निळ्या शर्टाच्या पाठीवर ऊन पडलं होतं. मोबाइल बाईंच्या हातात होता आणि तो चालू होता.

सहदेव बघत राहिला. हा मी, त्याला वाटलं. कापून नेलेला तुकडा असा परत मिळेल हे त्याने कधी मनातही आणलं नव्हतं. तो आपल्या बाजूला पडला होता. पूर्णपणे आपल्या बाजूला, मधल्या पांढऱ्या पट्ट्यापासून हातभर आत. त्याने काही चूक केली नव्हती. ते कळल्यावर आपल्याला फार मोठं काहीतरी वाटेल अशी त्याची अपेक्षा होती, पण त्याला दिसत होती फक्त पोशाच्या मानेवरची धूळ, आणि डांबर किती तापलं असेल हा विचार. "झालं," बाई हळूच म्हणाल्या. "मिळालं. उठा पोशादादा."

पोशा उठला नाही. डांबरावर टेकलेल्या तोंडाने तो म्हणाला, "मी आपला आपन कसा उठंन? तू उठला व्हतास का?" मग थोड्या वेळाने, "आता हितं मी पडलोय. ज्याची जागा त्यानं मला उचलायचं. मंग ती तुझी नाय राहायची, माझी व्हईल. माझी जागा मी कुनालापन सांगंन. कोर्टात सांगंन."

दगडापाशी आईने तोंडावर पदर दाबून धरला. त्याची जागा तू अंगावर घेतोस की काय, असं काहीतरी ती पुटपुटली, पण तिने अडवलं नाही. लेकाची आई होती ती. सहदेव रस्ता ओलांडून गेला आणि पोशाच्या डोक्याशी गुडघे टेकून बसला. डांबराचा चटका पँटमधून आत आला. त्याने डावा हात पोशाच्या काखेत घातला आणि ओढलं. पोशा वाळका माणूस, पण पडलेला माणूस जड असतो, आणि एका हाताने फक्त खांदा उचलला जातो. पोशा मदत करत नव्हता. त्या दिवशी सहदेवनेही केली नसणार. "दादा, थांबा," बाई मागून घाईने म्हणाल्या. "उजवा हात लावू नका. रस्त्यावर आहोत आपण, कोणीही बघेल. मी कॅमेरा बंद करते, पण तुम्ही हात लावू नका, प्लीज."

वाडीच्या पायवाटेपाशी एक मोटारसायकल येऊन थांबली होती. त्यावरच्या माणसाने एक पाय खाली टेकवला होता आणि त्याच्या हातात मोबाइल होता. सहदेवला तो दिसला. मग त्याने छातीशी धरलेला हात सोडला, तो गार, न वळणारा हात कोपरापर्यंत पोशाच्या दुसऱ्या काखेत घातला आणि उचललं. कोपरातून कळ थेट दातांपर्यंत आली. तोंडातून आवाज निघाला तो त्याचाच होता, आणि तो त्याने पूर्वी कधीतरी इथेच ऐकला होता. पोशाचा गाल डांबरावरून सुटला, त्याला खडे चिकटले होते. दोघंही एकमेकांना धरून कसेबसे उभे राहिले. निळ्या शर्टाला गवताचा गोडसर वास येत होता.

"पोशा, मी तुला बोललो ते," सहदेव म्हणू लागला. "ऱ्हाऊ दे," पोशा म्हणाला. "हात सोड आता. दुखत असंल."

त्याने सोडला नाही. मोटारसायकलवरचा माणूस अजून तिथेच होता, आणि त्याचा मोबाइल कुठल्या दिशेला धरलेला आहे हे सहदेवने पाहिलं नाही.